आपला खासदार आणि त्याचे मत

धारणीच्या मतदान केंद्रावर आपण रांगेत उभे राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि घरी येतो. आपले मत दिले, काम संपले. पण विधानसभेसाठी दिलेले मत मेळघाट मतदारसंघात पडते आणि लोकसभेसाठी दिलेले मत अमरावतीच्या पेटीत जाते. तेथून एक माणूस दिल्लीला जातो. त्या माणसालाही तिकडे मत द्यावे लागते, आणि एकदा नव्हे, पाच वर्षांत अनेकदा. आपण दिलेले मत गुप्त असते. त्याने दिलेले मत गुप्त नसावे, अशीच लोकशाहीची अपेक्षा आहे. मग पाच वर्षांनी तोच माणूस हात जोडून दारात आला, तर त्याला आपण काय विचारतो? रस्ता विचारतो, दवाखाना विचारतो, मोबाईलचा टॉवर विचारतो. हे सारे विचारलेच पाहिजे. पण "भाऊ, अमक्या कायद्याच्या वेळी तुम्ही होय म्हटले की नाही म्हटले?" हा प्रश्न धारणीत काय आणि अमरावतीत काय, क्वचितच कोणी विचारतो. पारावरचा म्हातारा फार तर म्हणतो, "आपला माणूस तिकडं जाऊन काय करते, कोणाले ठाऊक बा!"

आज त्याच विषयावर थोडे बोलायचे आहे. खासदाराचे मत कसे पडते, ते लिहून ठेवले जाते का, आणि त्यावरून माणसाची पारख करता येते का? उदाहरणे दूरची घेण्याचे कारण नाही. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन मतदारसंघांतच ती भरपूर आहेत.

आधी मतदानाची रीत पाहू. विधेयकावर चर्चा संपली की सभापती प्रस्ताव सभागृहापुढे ठेवतात. बाजूचे सदस्य "होय" म्हणतात, विरुद्ध असलेले "नाही" म्हणतात. ज्या बाजूचा आवाज मोठा वाटला, त्या बाजूने निकाल. याला आवाजी मतदान म्हणतात. ग्रामसभेत "मंजूर, मंजूर" असा गलका होतो ना, तसाच हा प्रकार. फक्त छप्पर मोठे. हा निकाल एखाद्या सदस्याला मान्य नसेल तर तो मतविभागणी मागू शकतो. मग घंटा वाजतात. साडेतीन मिनिटे त्या वाजत राहतात, म्हणजे ग्रंथालयात, उपाहारगृहात असलेल्या सदस्यांनी धावत यावे. मग दरवाजे बंद होतात. आपल्या जागेवर बसून सदस्य बटण दाबतात. हिरवा दिवा होकाराचा, लाल नकाराचा, आणि तटस्थ राहणाऱ्यासाठी पिवळा. हे यंत्र लोकसभेत १९५७ पासून आहे. मतविभागणी झाली म्हणजे मात्र कोणी कोणते मत दिले ते नावानिशी कामकाजाच्या अहवालात छापले जाते. घटनादुरुस्तीचे विधेयक असेल तर अशी विभागणी घ्यावीच लागते, कारण तेथे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश आणि एकूण सदस्यांच्या निम्म्याहून अधिक अशी दुहेरी मोजणी असते. साध्या कायद्याला ती सक्ती नाही. म्हणून आपले बहुतेक कायदे आवाजी मतानेच होतात, आणि त्यांत कोणाच्याही नावाची नोंद राहत नाही.

याचा धारणीशी संबंध कसा, ते सांगतो. मेळघाटातल्या माणसाच्या आयुष्याला ज्या कायद्याने अलीकडच्या काळात सर्वांत जवळून हात घातला, तो वनहक्क कायदा. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींचा आणि इतर वननिवासींचा जमिनीवरचा व वनावरचा हक्क त्याने मान्य केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन कोरकू कुटुंब कसत आले, तिच्यावर चार हेक्टरच्या मर्यादेपर्यंत त्याला दावा करता येतो. गावाला सामूहिक हक्क मागता येतो. याच जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने तो मागितला, मिळवला आणि उजाड झालेले रान पुन्हा उभे केले. बिगर आदिवासी वननिवासीला, म्हणजे आपल्याकडच्या गवळ्याला किंवा बलईला, मात्र तीन पिढ्यांचा, पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ही अट किती जड आहे ते धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत ज्यांनी दाव्यांच्या फायली पाहिल्या, त्यांना सांगायला नको.

लोकसभेने हे विधेयक डिसेंबर २००६ मध्ये मंजूर केले. आवाजी मताने. त्या वेळी अमरावतीचे खासदार शिवसेनेचे अनंत गुढे होते. त्यांनी त्या दिवशी होय म्हटले, की ते गप्प राहिले, की सभागृहात नव्हतेच, हे मतदानाच्या नोंदीवरून कोणालाही सांगता येणार नाही. यात त्यांचा दोष मुळीच नाही. तशी नोंद झालीच नाही. सारे पक्ष एका बाजूला असले की मतविभागणी मागणार कोण? पण आपल्या दृष्टीने पाहा. ज्या कायद्यावर मेळघाटातल्या हजारो घरांचे पोट अवलंबून, त्या कायद्याला कोणी हात वर केला हे लिहिलेले नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. या विधेयकाचे मूळ रूप निराळे होते. त्यात १९८० ची मुदत होती आणि इतर वननिवासींना जागाच नव्हती. किशोर चंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली. तिने मुदत २००५ पर्यंत पुढे आणण्याची आणि इतर वननिवासींचा समावेश करण्याची शिफारस केली. म्हणजे मेळघाटाच्या दृष्टीने निर्णायक काम झाले ते समितीच्या खोलीत. बटण दाबण्याच्या दिवशी फक्त शिक्कामोर्तब झाले. तेव्हा खासदाराची परीक्षा मतावरून करायची म्हटले तरी मत हा परीक्षेतला एकच पेपर आहे, हे शिक्षकांना तरी मी सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या संसदपटूकडे वळू. डॉ. पंजाबराव देशमुख, म्हणजे आपले भाऊसाहेब. जन्म २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ. शिक्षणासाठी विलायतेला गेले, एडिंबरोची एम. ए. आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली, बॅरिस्टर झाले. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. परत आले ते अमरावतीतच बसले. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली अमरावतीत चळवळ उभी राहिली, तीत ते पुढे होते. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. १९३० ते ३३ या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यासाठी कर्ज लवादाचा कायदा त्या काळात आला, त्यामागे त्यांची खटपट होती. श्री शिवाजी शिक्षण संस्था ही त्याच दशकातली. तिच्या शाळांत शिकलेले किती गुरुजी आज हे भाषण वाचत असतील!

हा माणूस १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत लोकसभेवर गेला. एक मौज ध्यानात घ्या. पहिल्या वेळी अमरावती मध्य प्रदेशात होती, दुसऱ्या वेळी द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि तिसऱ्या वेळी महाराष्ट्रात. मतदार तेच, शेत तेच, उमेदवार तोच. राज्ये मात्र तीन.

आता भाऊसाहेबांच्या मतांचा हिशेब मांडू पाहा, आणि अडचण लगेच कळेल. १९५२ ते ६२ ही दहा वर्षे ते केंद्रात शेती खात्याचे मंत्री होते. मंत्री आपल्या सरकारविरुद्ध मत देत नाही. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते, असे राज्यघटनेचे पंच्याहत्तरावे कलम सांगते. हाजिरीच्या वहीतही मंत्र्याची सही नसते. म्हणजे नुसती मते मोजली तर भाऊसाहेब आणि त्यांच्या मागे बसलेला, पाच वर्षांत तोंड न उघडलेला एखादा सदस्य, दोघेही सारखेच ठरतील. पण त्या दहा वर्षांत जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार झाला, १९५५ साली भारत कृषक समाज निघाला, आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. वऱ्हाडातल्या धोतर-टोपीवाल्या शेतकऱ्याने दिल्ली पाहिली ती कित्येकदा भाऊसाहेबांच्या बोलावण्यावरून. ही कामे कोणत्याही मतपत्रकात सापडणार नाहीत.

मंत्र्याला मत पटले नाही तर एकच वाट असते, राजीनाम्याची. भाऊसाहेबांच्याच काळात ती वाट एका मराठी मंत्र्याने धरली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख कुलाब्यातून निवडून आलेले. राज्यपुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा सरकारचा बेत त्यांना मान्य झाला नाही आणि १९५६ साली त्यांनी पद सोडले. मंत्रिपदी राहून विरुद्ध मत, असे त्यांनी केले नाही. करताही आले नसते.

उलट ज्या वेळी भाऊसाहेबांच्या मानेवर मंत्रिपद नव्हते, त्या वेळचे त्यांचे मत पाहा. ते घटना समितीत सदस्य होते. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा झाली. मसुद्यातली व्याख्या फार सैल आहे, तिने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी दुरुस्ती सुचवली. जो हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नाही, तो जगात कोठेही राहत असला तरी त्याला भारताचा नागरिक होण्याचा हक्क असावा, असा तिचा एक भाग होता. समितीने ही दुरुस्ती फेटाळली. मला स्वतःला ती पटत नाही. धर्माच्या नावाने नागरिकत्वाचे दार लावायचे की उघडायचे हे ठरवू नये, असे तेव्हाच्या बहुमताला वाटले, आणि मला ते योग्य वाटते. ज्या माणसाने अंबादेवीच्या दारात सर्वांसाठी झगडा केला, त्यानेच ही दुरुस्ती मांडली, हेही लपवण्याचे कारण नाही. फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. भाऊसाहेबांचा पुतळा पाहून हार घालणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे हे भाषणही वाचायला द्यावे. घटना समितीच्या कामकाजाचे खंड छापलेले आहेत. लपलेले काहीच नाही.

१९६५ च्या १० एप्रिलला भाऊसाहेब दिल्लीत वारले. त्यानंतरच्या वीस वर्षांत संसदेतले वारे बदलले. आज या पक्षात, उद्या त्या पक्षात अशी ये-जा इतकी वाढली की १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतरबंदीचा कायदा आणावा लागला. घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्यातली मुख्य गोष्ट अशी. पक्षाने आदेश काढला, ज्याला व्हिप म्हणतात, आणि सदस्याने त्याविरुद्ध मत दिले किंवा तो मतदानाला गैरहजर राहिला, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तर गोष्ट वेगळी. हा व्हिप शब्द इंग्लंडच्या शिकारीतला. कोल्ह्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांचा कळप पांगू नये म्हणून चाबूक घेऊन मागे राहणारा जो माणूस, त्यावरून तो आला. आपल्याकडचा गुराखी काठी घेऊन तेच करतो. त्या कायद्याने घोडेबाजार आवरावा हा हेतू होता, आणि तो काही अंशी साधलाही. पण त्याबरोबर दुसरेही एक झाले. पूर्वी खासदाराचे मत ही त्याच्या विवेकाची खूण तरी असू शकत होती. आता ती बहुतेक वेळा पक्षाच्या कागदाची नक्कल झाली. कायदा फक्त सरकार पाडण्या-राखण्याच्या मतापुरता ठेवला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते. धरणाच्या, बियाण्याच्या, जंगलाच्या कायद्यावर वऱ्हाडच्या माणसाला वऱ्हाडचे मत देता यायला पाहिजे.

तरी एकेका मताचे मोल काय असते, ते पाहायचे तर १७ एप्रिल १९९९ चा दिवस आठवा. अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार जयललितांच्या पक्षाने पाठिंबा काढल्याने डळमळले होते. राष्ट्रपतींनी विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितले. मोजणी झाली. बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने देशाचे सरकार गेले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोज यांनी पक्षाचा आदेश झुगारून विरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकी अजून सोडली नव्हती. ते आले आणि मत देऊन गेले. त्यावर पुष्कळ वाद झाला. पेपरांनी ही दोन नावे रंगवली, आणि लोकांच्या ध्यानात तीच राहिली.

पण त्या २७० मध्ये आपली नावे कोणती होती? १९९८ साली काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार महाराष्ट्रातून निवडून आले होते. अमरावतीचे रा. सू. गवई, अकोल्याचे प्रकाश आंबेडकर, चिमूरचे जोगेंद्र कवाडे आणि मुंबईचे रामदास आठवले. चारांतले तिघे विदर्भाचे, दोघे तर आपल्याच शेजारशेजारच्या जिल्ह्यांचे. चौघेही ठरावाच्या विरुद्ध होते. हिशेब करा. त्या २७० पैकी कोणीही एक जण त्या दिवशी ताप आला म्हणून घरी पडून राहिला असता, तर मते २६९-२६९ झाली असती. समसमान झाले म्हणजे सभापती निर्णायक मत देतात, एरवी त्यांना मत नसते. एकानेच बाजू बदलली असती तर सरकार सरळ वाचले असते. म्हणजे दारापूरसारख्या खेड्यातून आलेल्या गवईंचे मत आणि दिल्लीतल्या मोठ्या पुढाऱ्याचे मत, दोन्ही त्या दिवशी तागडीत सारख्याच वजनाची होती. धारणीच्या ज्या माणसाने वर्षभर आधी पेटीत मत टाकले, त्या मताचा धागा सरळ त्या दिवसापर्यंत जातो.

पुढे काय झाले? त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली. अकोल्याने प्रकाश आंबेडकरांना पुन्हा पाठवले. अमरावतीने शिवसेनेच्या अनंत गुढेंना निवडले, जे १९९६ सालीही निवडून आले होते. दोन शेजारी मतदारसंघ, दोघांच्या खासदारांचे मत एकच, आणि निकाल दोन दिशांना. त्या एका मताचा जाब मतदारांनी विचारला असे यावरून म्हणता येत नाही. आघाड्या मोडल्या-जुळल्या, तिकिटे बदलली, हीच कारणे अधिक दिसतात. गवईसाहेब पुढे बिहारचे आणि केरळचे राज्यपाल झाले. त्यांचे चिरंजीव भूषण गवई २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले.

पक्षाचा आदेश असतानाही मताची नोंद बोलकी होते ती केव्हा? सारे एका बाजूला असताना कोणी एकटा दुसऱ्या बाजूला गेला की. सप्टेंबर २०२३ मध्ये महिलांना लोकसभा-विधानसभेत एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती लोकसभेत आली. बाजूने ४५४ मते पडली, विरुद्ध फक्त दोन. त्या दोनांतले एक मत मराठवाड्याचे, औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे. दुसरे त्यांच्याच पक्षाचे असदुद्दीन ओवैसी यांचे. राखीव जागांत इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा वाटा नाही, हे त्यांनी कारण दिले. ते पटो न पटो, मतदाराला हातात धरता येईल असे काहीतरी मिळाले. मत दिले, आणि का दिले तेही सांगितले. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. त्याचा या मताशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो.

अपक्षाची गोष्ट आणखी वेगळी. त्याला व्हिप नाही. २०१९ साली अमरावतीने नवनीत राणा यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. निवडणुकीत त्यांच्या मागे काँग्रेस आणि राष्ट्रवादी होती, निवडून आल्यावर त्यांनी केंद्रातल्या भाजप सरकारला पाठिंबा दिला, आणि २०२४ साली त्या भाजपच्याच तिकिटावर उभ्या राहिल्या. तेव्हा काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले. अपक्षाला मत देताना आपण एका माणसाच्या मर्जीला मत देतो. पक्षाच्या उमेदवाराचे मत कोठे जाईल ते आधी कळते. अपक्षाचे कळत नाही. म्हणून अपक्षाला निवडण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात.

मग मते कमी नोंदली जातात, नोंदली गेली ती पक्षाची असतात, तर सामान्य माणसाने पाहायचे काय? प्रश्न पाहावेत. लोकसभेत रोज पहिला तास प्रश्नांचा असतो. लेखी प्रश्न निराळे. प्रश्न विचारायला पक्षाचा आदेश लागत नाही, आणि त्याखाली खासदाराचे नाव छापले जाते. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर १९९३ पासून केवढे काहूर उठले. अकोला-खांडवा रेल्वेचा मोठा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा की बाहेरून, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. या दोन विषयांवर आपल्या कोणत्या खासदाराने, कोणत्या वर्षी, काय विचारले, आणि सरकारने काय उत्तर दिले, हे शोधता येते. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने प्रश्न आणि भाषणे मिळतात. जुन्या काळचे छापील खंड मोठ्या ग्रंथालयांत असतात.

दुसरे, शुक्रवारची दुपार पाहावी. त्या दिवशी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या विधेयकांसाठी असतात, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या. १९७० नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही, म्हणून कित्येक खासदार गुरुवारीच घरची गाडी पकडतात. पण माणसाच्या मनात काय आहे ते तेथे कळते. कायदा होणार नाही हे माहीत असूनही जो कापसाच्या भावावर किंवा वनगावांवर विधेयक लिहून आणतो, त्याने निदान पाटी कोरी ठेवली नाही.

धारणीच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या शिक्षकाला एक काम सुचवतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांकडून १९५२ पासूनच्या अमरावतीच्या खासदारांची यादी करून घ्या. भाऊसाहेबांपासून सुरुवात होईल. पुढे १९८९ चे साम्यवादी सुदाम देशमुख येतील, १९९१ च्या प्रतिभाताई पाटील येतील, ज्या नंतर राष्ट्रपती झाल्या. काँग्रेस, साम्यवादी, शिवसेना, रिपब्लिकन, अपक्ष, एवढे रंग एका मतदारसंघात क्वचित दिसतात. मग प्रत्येक नावापुढे मेळघाटाविषयी विचारलेला एक तरी प्रश्न लिहायला सांगा. काही ओळी लवकर भरतील, काही रिकाम्या राहतील. रिकाम्या ओळीसमोर मुलाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावे आणि आताच्या खासदारांना पोस्टकार्ड टाकावे. उत्तर आले तर ते वर्गात वाचून दाखवा. नाही आले तर पंधरा दिवसांनी दुसरे टाका.